विशेष काही आढळले नाही

भिंगार,
ता. ५ फेब्रुवारी १९४४

तीर्थस्वरूप शामदादास सुनीतीचा नमस्कार.

आम्ही दोघी परवा सुखरूप पोचलो. दौंडला गाडी तीन तास उभी होती, कारण लष्कराची गाडी आधी सोडायची होती. त्या सगळ्या वेळात विजू एकदाही कुरकुरली नाही. एरवी तिने माझा जीव खाल्ला असता. हल्ली ती शहाण्यासारखी वागली की मला धडकी भरते.

राहुरीहून सासूबाई आल्या आहेत. नातीला आकडी आली हे त्यांना पोस्टाने कळलं, म्हणून आल्या आल्या मला समोर बसवून अथपासून इतिपर्यंत ऐकलं. तुला मी पुण्यात दहा वेळा सांगितलं असेल, तरी अकराव्यांदा ऐक. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाचा सुमार. विजू ओसरीवर शेंगा फोडत होती. मधेच थांबली, कुणी हाक मारावी तसं मागे वळून पाहिलं आणि तशीच आडवी झाली. हातपाय ताठ, डोळे वर, तोंडाला फेस. चांगुणा भांडी टाकून धावली आणि कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला. घड्याळात चार मिनिटं झाली, मला चार वर्षं. मग जी झोपली ती संध्याकाळी उठली आणि शेंगा कुठे गेल्या म्हणून विचारू लागली. ताप नव्हता, कुठे पडली नव्हती. माझ्या माहेरी कुणाला असलं नाही, ह्यांच्याकडे नाही. सात वर्षांत पहिल्यांदा.

सासूबाईंनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "डाग दिला का?"

त्या वाईट नाहीत रे. नातीवर त्यांचा जीव आहे, म्हणूनच घाई आहे. राहुरीच्या बाजूला कुणी गहिनीनाथ म्हणून आहे, तो विळ्याचं टोक तापवून पोटावर डाग देतो आणि आकडी पुन्हा येत नाही म्हणतात. ह्यांच्या पोटावर लहानपणचे तीन डाग आहेत. त्यानंतर आपला मार्तंड कधी आजारी पडला नाही, असं सासूबाई शपथेवर सांगतात. येत्या अमावास्येला विजूला डाग द्यायचा त्यांचा बेत आहे. मी म्हटलं, पुण्याचे निकाल येऊ देत. त्या बरं म्हणाल्या.

तर दादा, आता सगळं तुझ्या तपासणीखान्यावर आहे. पाच दिवस पोर त्या वॉर्डात एकटी निजली, पाठीत सुई टोचून घेतली, ती कशासाठी ते कळू दे. विजूच्या मामींना नमस्कार. त्यांनी दिलेला चिवडा दौंडलाच संपला.

तुझी,
सुनीती


पुणे,
ता. ९ फेब्रुवारी १९४४

प्रिय सुनीतीस अनेक आशीर्वाद.

सगळे निकाल हाती आले. मी डॉक्टर नाही, काचा धुणारा आणि साहेबांनी सांगितलेलं कागदावर उतरवून काढणारा माणूस आहे, हे तुला ठाऊकच आहे. पण आपली पोर म्हणून ह्या वेळी प्रत्येक काच मी स्वतः तीन तीनदा भिंगाखाली पाहिली.

रक्त ठीक. लघवी, शौच ठीक, जंत नाहीत. पाठीतलं पाणी स्वच्छ. डोक्याच्या एक्सरेत काही नाही. कागदावर शेवटी आमचं नेहमीचं वाक्य लिहिलं आहे, "विशेष काही आढळले नाही." हे वाक्य मी आजवर हजार वेळा लिहिलं असेल. काल ते विजूच्या नावापुढे लिहिताना पहिल्यांदा वाटलं, ह्यात सांगितलं काय?

साहेबांना मी गाठून विचारलं. ते म्हणाले, एकदा आलेली आकडी कधी कधी नुसती एकदाच आलेली असते. पुन्हा येईल, न येईल. आज कुणी छातीठोक सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. एक वही ठेवा, पोरीवर लक्ष ठेवा, काही वेगळं दिसलं तर वेळ घालून लिहा.

मला माहीत आहे, तुला हे पुरणार नाही. मलाही पुरलेलं नाही.

तुझा,
शामकांत


भिंगार,
ता. १३ फेब्रुवारी १९४४

तीर्थस्वरूप दादास नमस्कार.

तुझं पत्र ह्यांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. "विशेष काही आढळले नाही" इथे आले आणि सासूबाईंनी मान डोलावली. म्हणाल्या, "डॉक्टरांना सापडलं नाही, म्हणजे ते त्यांच्याकडचं नव्हेच." ह्यावर तू काय उत्तर दिलं असतंस?

काल तो गहिनीनाथ पोरीला बघायला येऊन गेला. मी मनाशी कुणी जटावाला, डोळे लाल केलेला बुवा रंगवला होता. आला तो साधा कुणबी माणूस, स्वच्छ धोतर, पायताण बाहेर काढून दाराशी बसला. पैसे घेत नाही, फक्त एक नारळ. विजूला जवळ बोलावून तिचं नाव विचारलं, शाळेत जातेस का विचारलं, आणि मग बराच वेळ तिच्याकडे बघायचं सोडून तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिला. जाताना मला म्हणाला, "बाई, राग मानू नगा. ही पोरगी एकली न्हाई. हिच्यासंगं आनिक एक हाय. लहानच हाय तीबी. दोगींस्नी येगळं कराया डागाबिगर विलाज न्हाई."

मी त्याला हसणार होते. पण माझ्या वहीत त्याच सकाळी मी लिहिलं होतं, "विजू चार दिवस झाले चटईच्या कडेला सरकून बसते. जेवतानाही. मधे बस म्हटलं तर म्हणते, असू दे." हे मी कुणाला बोलले नव्हते. तूही हे वाचून मला वेड्यात काढशील, काढ.

ही वही मला कुठून लिहायला सांगितलीत! लक्ष ठेवा म्हणे. सकाळपासून मी तिच्याकडे बघते आहे, ती माझ्याकडे बघते आहे. ती डोळे चोळते, मी वेळ लिहिते. ती गप्प बसली की लिहिते, हसली की लिहिते. परवा मला म्हणाली, "आई, तू माझी चूक लिहितेस का?"

हे बिचारे मधल्यामधे सापडले आहेत. काल मला म्हणाले, "डॉक्टरांनी काहीतरी नाव घेतलं असतं तर आईपुढे मी उभा राहिलो असतो. काही नाही म्हटल्यावर कशाच्या जोरावर बोलू?" खरं आहे. मोकळ्या हाताने माणूस आईशी भांडत नाही.

अमावास्येला दहा दिवस उरले. दादा, तापलेलं लोखंड माझ्या पोरीच्या अंगाला लागणार आणि मी तिचे हात धरून बसणार, कारण दुसरं कोण धरणार? तू पुन्हा एकदा साहेबांना विचार. मला एक नाव हवं आहे. रोग कसलाही चालेल, पण नाव हवं.

सुनीती


पुणे,
ता. १६ फेब्रुवारी १९४४

सौ. सुनीतीस आशीर्वाद. सौ. काकूंस व रा. रा. मार्तंडरावांस सप्रेम नमस्कार.

आपल्या विनंतीवरून मोठ्या साहेबांनी चि. विजयमाला हिचे कागद पुन्हा बारकाईने पाहिले. सदरहू विकार दुर्मिळ असल्याने प्रथम ध्यानात आला नाही, याबद्दल त्यांनी दिलगिरी कळवली आहे. ह्यास शीर्षदाह असे नाव आहे.

ह्या दुखण्यात उष्णता हा मुख्य शत्रू होय. मुलीच्या अंगास विस्तवाचा चटका कोणत्याही कारणाने लागू देऊ नये. लागल्यास दुखणे थेट मेंदूत उतरते व मग इलाज उरत नाही. हे साहेबांनी मला दोनदा बजावून सांगितले.

आकडी पुन्हा आलीच तर तिच्या तीन खुणा असतात. पहिली, आधी मुलीला करपलेल्या दुधाचा वास येतो, जवळपास दूध नसले तरी. दुसरी, डाव्या हाताचा अंगठा मुठीत जातो व उघडता उघडत नाही. तिसरी, शुद्धीवर येण्यापूर्वी ती असे एक नाव घेते जे घरात कोणाचे नसते. ह्या खुणा दिसल्यास घाबरू नये. दुखणे ओळखीचेच आहे असे समजावे.

कळावे, हे पत्र जपून ठेवावे.

शामकांत


भिंगार,
ता. २७ फेब्रुवारी १९४४

तीर्थस्वरूप दादास कितीतरी नमस्कार.

अमावास्या गेली. डाग दिला नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मी आधी विजूला चांगुणाबरोबर तिच्या घरी धाडून दिलं आणि मगच ह्यांना ते उघडू दिलं. वाचून झाल्यावर ह्यांनी ते आपल्या ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं. पोरीच्या कानावर रोगाचं नाव पडायला नको, अशी मी दोघांना शपथ घातली आहे. ती दोघांनीही पाळली. सासूबाई आळीत सगळ्यांना "शीर्षदाह" म्हणून सांगतात, पण विजू जवळ आली की लगेच पापडांवर बोलतात. असं भारदस्त दुखणं आपल्या नातीला झालं ह्याचा त्यांना थोडा अभिमानही वाटतो असं मला वाटतं. गहिनीनाथाला त्यांनी स्वतः निरोप पाठवला की येऊ नकोस, हिला विस्तव चालत नाही. तो म्हणे "बरं" म्हणाला.

आता घरात सब्जा, गुलकंद, वाळ्याचं पाणी ह्यांचा पूर आहे. चुलीपुढे विजूला यायला बंदी. पोर खूश आहे. वहीत मी दोन ओळींच्या वर लिहीत नाही. काल दुपारी मी दोन तास झोपले, महिना दीड महिन्यात पहिल्यांदा.

एक बोलू? पत्राची भाषा वाचून माझ्या मनात एकदा येऊन गेलं, की माझा दादा "सदरहू" कधीपासून लिहू लागला. मग म्हटलं, जाऊ दे. नाव मिळालं ना.

तुझी,
सुनीती


भिंगार,
ता. ११ एप्रिल १९४४

तीर्थस्वरूप दादास सुनीतीचा नमस्कार.

आधी मला क्षमा कर. दोन महिने माझ्या मनात पाप होतं. मला वाटत होतं, सासूबाईंना थोपवायला तू ते दुखणं मनाने रचलंस. आज कान धरते. तुमचं शास्त्र खरं आहे आणि मी मूर्ख आहे.

परवा रविवारी सकाळी आकडी आली. हे घरीच होते. विजू ओसरीवर पाटीवर पाढे काढत होती. मान वर करून म्हणाली, "आई, दूध करपलं." दादा, चूल विझलेली होती. त्या दिवशी दूधवाला आलाच नव्हता, घरात थेंब नव्हता. मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी माझ्याकडे. तोवर ती आडवी झाली.

अंगठा मुठीत गेला. डावाच. चांगुणा मूठ सोडवत होती आणि म्हणत होती, "बाई, आंगठा निगंना. लई जोर हाय वो पोरीला." मी म्हटलं, राहू दे, तो तसाच असतो. माझा आवाज इतका शांत होता की चांगुणा दचकून माझ्याकडे बघायला लागली. मला भीती वाटली नाही, खरंच नाही. तू लिहिलंस त्याप्रमाणे एकेक होत होतं, आणि मला नुसतं पुढचं काय ते ठाऊक होतं.

पाच मिनिटांनी अंग सैल पडलं. डोळे मिटलेलेच. आणि ती अगदी नेहमीच्या आवाजात, शेजारी निजलेल्या कुणाला सांगावं तसं म्हणाली, "दमयंती, सरक ना." मग झोपली.

आमच्या घरात दमयंती कुणी नाही. आळीत नाही, तिच्या शाळेत नाही, मी मास्तरांना जाऊन विचारून आले. उठल्यावर तिलाच विचारलं, तर म्हणते, कोण दमयंती?

सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. म्हणाल्या, "पुण्याचा डॉक्टर देवमाणूस आहे, घरबसल्या सगळं सांगितलं." हे म्हणाले, आता औषधही त्यांच्याकडे असेलच. तर साहेबांना इतकंच विचार, की खुणा तिन्ही पटल्या, आता पुढे काय असतं? पुढच्याही खुणा असतील ना? त्या सगळ्या कळव. मला माहीत असलं म्हणजे मी काहीही निभावून नेईन.

सुनीती


पुणे,
ता. १६ एप्रिल १९४४

प्रिय सुनीती,

हे पत्र कुणाला वाचून दाखवू नकोस. मार्तंडरावांनी आधी फोडलं असेल तर निदान काकूंपुढे वाचू देऊ नकोस.

शीर्षदाह नावाचं दुखणं नाही. साहेबांनी कागद पुन्हा पाहिले नाहीत. मी त्यांना विचारलंही नाही, कारण ते काय म्हणतील हे मला माहीत होतं. तुझं पत्र खिशात घेऊन मी दोन दिवस फिरलो आणि मग माझ्या टेबलावर बसून ते सगळं लिहिलं. विस्तवाचं काकूंसाठी घातलं. नाव मनाने जुळवलं. पण नुसत्या नावावर काकूंचा विश्वास बसणार नाही, खुणा हव्यात, आणि खुणा मला मनाने रचता येईनात. त्या दिवशी टेबलावर एका मुलीचा कागद पडला होता. पाठीतल्या पाण्याच्या बाटलीबरोबर वॉर्डातून येतो तो कागद, तिची सगळी हकीकत लिहिलेला. आकडीचीच रोगी होती. त्यावरून मी तिन्ही खुणा उतरवून घेतल्या. उतरवून काढणं हेच माझं काम.

त्या मुलीचं नाव दमयंती होतं.

तुझं पत्र वाचल्यावर मी आधी स्वतःची समजूत घातली, की दोघी वॉर्डात शेजारी असतील, विजूने तिला पाहिलं असेल, मुलं पाहिलेलं करतात. असं तुला लिहायलाही बसलो. मग वाटलं, आता न पाहता एक अक्षर लिहायचं नाही. वॉर्डात जाऊन रजिस्टर काढलं. विजूला तीस जानेवारीला घरी सोडलं. दमयंती आली बारा फेब्रुवारीला. दोघींनी एकमेकींना पाहिलेलं नाही. खाट मात्र एकच, चौदा नंबरची.

अजून एक राहिलं. हे लिहिल्याशिवाय मला झोप येणार नाही. तिच्या कागदावर तिसऱ्या खुणेपुढे लिहिलं होतं, "मुलगी 'विजू' अशी हाक मारते, घरात ह्या नावाचे कोणी नाही असे वडील सांगतात." ते नाव वाचूनच माझा हात त्या कागदावर थांबला होता. तेव्हा म्हटलं, चार घरांआड एक विजू असते. नाव तेवढं गाळून बाकीचं तुला लिहून धाडलं.

ती पुढे कशी झाली असं तू विचारशील. तिच्याही कागदावर मीच लिहिलं आहे, विशेष काही आढळले नाही. वीस मार्चला तिचे वडील तिला घेऊन गेले. रजिस्टरात "घरी नेली" एवढंच आहे. गावाच्या रकान्यात शाई सांडली आहे, काही लागत नाही. वॉर्डातल्या बाईंना विचारलं, त्यांना मुलगी आठवते, गाव आठवत नाही.

पुढच्या खुणा मला माहीत नाहीत सुनीती. कुणालाच माहीत नाहीत. पहिल्या पत्रात होतं तेवढंच खरं होतं.

तुझा अपराधी,
शामकांत


भिंगार,
ता. २० एप्रिल १९४४

दादा,

तुझं पत्र माझ्याच हाती पडलं. ह्यांना सांगितलं, मामींचं आहे, लोणच्याची कृती आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली, ह्यांच्यापासून पत्र लपवलं ते पहिल्यांदा.

मला राग आला. खोटं लिहिलंस त्याचा नव्हे, ते तर मीच मागितलं होतं. खरं लिहिलंस त्याचा आला. तू गप्प बसला असतास तर मी आज त्या तीन खुणांवर डोकं ठेवून निजले असते. पण मग वाटलं, एवढं ओझं घेऊन तू तरी कुणाकडे जाणार?

तुझं पत्र वाचून मी बाहेर आले तर विजू चटईवर बसली होती, तशीच, कडेला सरकून. मी तिच्यापाशी गेले आणि त्या मोकळ्या जागेवर बसायला माझं धैर्य झालं नाही. दादा, मी तिची आई. मी दुसऱ्या बाजूला जाऊन बसले.

मी शिकलेली आहे, सातवी पास. भुताखेतांवर माझा विश्वास नाही आणि गहिनीनाथावरही नव्हता. पण चार दिवस मी एकच विचार करते आहे. तो तुला सांगते, मग मला वेडी म्हण. तू विजूच्या आकडीची ती पाच मिनिटं आधीच लिहिलीस आणि ती तशीच घडली. वास लिहिलास, वास आला. अंगठा लिहिलास, अंगठा गेला. कुठून उतरवलंस ते मला नको. तुझ्या हातून लिहिलं गेलं आणि झालं, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तर मग शेवटही तूच लिही.

असा लिही, की पुन्हा आकडी येणार नाही. साहेबांच्या नावाने नको, सदरहू नको, तुझ्या स्वतःच्या अक्षरात, नेहमी लिहितोस तसं. खोटं वाटलं तरी लिही. मागे खोटंच लिहिलं होतंस. आणि एकटीचं लिहू नकोस. ती दुसरीही कुणाची तरी पोर आहे, तिची आई कुठेतरी माझ्यासारखीच टक लावून बसली असेल. दोघींचं लिही. एकीचं राहिलं तर दुसरीला सुटका नाही, असं मला वाटतं. का वाटतं ते विचारू नकोस.

सुनीती


पुणे,
ता. २४ एप्रिल १९४४

प्रिय सुनीती,

तीन दिवस टाळलं. तुला समजूत घालणारं मोठं पत्र लिहून फाडलं. मी तपासणीखान्यातला माणूस, असल्या गोष्टीला हसणं माझं काम. मला हसू येत नाही. मी हे लिहिलं आणि तसंच झालं, तर आधीचंही मीच केलं असं होईल. मी लिहिलं नाही आणि पोरीला पुन्हा काही झालं, तर तेही माझ्याच माथी. दोन्हीकडून माझीच मान अडकली आहे, मग तुझं तरी ऐकतो.

विजूला पुन्हा आकडी येणार नाही. दमयंतीला पुन्हा आकडी येणार नाही. दोघी मोठ्या होतील, शिकतील, आपापल्या घरी सुखात राहतील.

खरं आहे का, मला माहीत नाही.

साहेबांना सांगून मी कालपासून रिपोर्ट लिहिण्याचं काम दुसऱ्याला दिलं आहे. आता फक्त काचा धुतो.

शामकांत


भिंगार,
ता. २ जून १९४५

तीर्थस्वरूप दादास सुनीतीचा साष्टांग नमस्कार.

वर्षभर मी तुला खुशालीच्या चार ओळींपलीकडे काही लिहिलं नाही, मामी रागावल्या असतील. आज लिहिते.

चौदा महिने होत आले. आकडी आली नाही. विजू तिसरीत गेली, पाढे तीसपर्यंत येतात, भांडायला तर कुणाला ऐकत नाही. सासूबाई म्हणतात सब्जाने गेली. हे म्हणतात, पुण्याचे डॉक्टर हुशार. वही मी दिवाळीतच बंद केली. गेली की नुसती थांबली आहे, हे कुणी सांगणार नाही, आणि मी आता कुणाला विचारतही नाही. सकाळी दहा वाजून गेले की एक दिवस झाला म्हणते आणि कामाला लागते. असंच चाललं आहे, आणि असं चालतं, हे मला पूर्वी माहीत नव्हतं. त्या दुसरीचं काही कळलं नाही. तिच्यासाठीही मी दहा वाजून जाऊ देते.

पण मला तुझ्याशी एका गोष्टीचं बोलायचं आहे. मागच्या महिन्यात तुझं पत्र आलं. त्यात तू सहज लिहिलंस, "विजू यंदा विहिरीत पोहायला शिकेल." चांगल्या मनानेच लिहिलंस, मला का कळत नाही? पण ते वाचल्यापासून मी तिला महिनाभर विहिरीकडे फिरकू दिलेलं नाही. मळ्यात जाणाऱ्या मैत्रिणींना दारातून परत पाठवलं. पोर रडली. ह्यांनी विचारलं, अगं काय झालं तुला? मी काय सांगू? शिकेल असंच लिहिलं आहे, बुडेल असं नाही, हे मला दहादा वाचूनही पुरलं नाही. त्यात विहीर आली होती, आणि ती तू लिहिली होतीस.

म्हणून तुला हात जोडून सांगते. तुझ्यावर माझा राग नाही. तुझ्याइतकं माझ्यासाठी कुणी केलं नाही. पत्रं लिही, पुष्कळ लिही, मामींचं लिही, तिकडच्या उकाड्याचं लिही, तुझ्या काचांचं लिही. पण विजूचं काही लिहू नकोस. चांगलंही नको. उंच होईल, पहिली येईल, हुशार निघेल, असलं एक अक्षरही नको.

कशी आहे म्हणून नुसतं विचारत जा. सांगेन मी.

तुझी,
सुनीती